४१.५ हर्ट्झची रेषा कोणाची? शिरोलीतील एका फौंड्रीचे प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत वाळूच्या प्लँटला जोडलेला धूळ ओढणारा पंखा आहे. तिथे त्याला सगळे 'डस्ट कलेक्टरचा ब्लोअर' म्हणतात. चार पोलची इंडक्शन मोटर, मोटरवर २०० मिलिमीटरची पुली, पंख्याच्या शाफ्टवर २८० मिलिमीटरची पुली, मध्ये व्ही-बेल्ट, आणि हे सर्व एकाच लोखंडी बेस फ्रेमवर बसवलेले, अशी त्याची रचना आहे. पूर्ण लोडवर मोटर मिनिटाला सुमारे १४५८ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४.३. बेल्ट किंचित घसरत असल्यामुळे पंखा मिनिटाला सुमारे १०३२ फेरे, म्हणजे सेकंदाला १७.२ फेरे घेतो. याच कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये, मधल्या भिंतीपलीकडे, कुपोलाला, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या भट्टीला, हवा देणारा दुसरा ब्लोअर आहे आणि तो मिनिटाला २४९० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४१.५ फेरे घेतो.

डस्ट कलेक्टरच्या पंख्याकडील बेअरिंग वर्षभरात दोनदा बदलावी लागली. कंपने मोजणाऱ्या एका संस्थेकडून मोजणी करून घेतली, तेव्हा त्यांच्या अहवालातील स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर कंपन किती हे दाखवणाऱ्या आलेखात, २४.३ आणि १७.२ हर्ट्झच्या अपेक्षित रेषांशिवाय ४१.५ हर्ट्झला एक ठळक रेषा दिसली. तिची उंची, म्हणजे त्या कंपनाचा वेग, सेकंदाला १.९ मिलिमीटर होती. अहवालाचा निष्कर्ष असा होता, की ही रेषा कुपोलाच्या ब्लोअरची असून ती जमिनीतून इकडे येते. सबब कुपोलाच्या ब्लोअरचे फौंडेशन वेगळे करावे व दोन शेडच्या मध्ये चर खोदावा. काम मोठे होते आणि त्यासाठी कुपोला काही आठवडे बंद ठेवावा लागणार होता. मालकांनी खर्चाला होकार देण्यापूर्वी अहवाल माझ्याकडे आणून दिला. मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवतो आणि संकेतांच्या विश्लेषणाचे थोडे काम करतो. 'रेषा खरोखर त्या ब्लोअरची आहे का, एवढेच सांगा,' इतकेच त्यांचे म्हणणे होते.

अहवाल वाचताना पहिल्याच पानावर माझे लक्ष एका बेरजेकडे गेले. २४.३ अधिक १७.२ म्हणजे बरोबर ४१.५. मोटर आणि पंखा यांच्या वारंवारतांची बेरीज आणि भिंतीपलीकडच्या यंत्राची वारंवारता योगायोगाने एकाच ठिकाणी आली होती. अशा वेळी नेहमीचा स्पेक्ट्रम निरुपयोगी ठरतो, कारण तो प्रत्येक वारंवारतेवर ऊर्जा किती आहे एवढेच सांगतो. ती ऊर्जा बाहेरून आली की यंत्राच्या आतच दोन कंपनांच्या मिश्रणातून तयार झाली, हे सांगणारी माहिती फेजमध्ये, म्हणजे एखाद्या क्षणी लहर आपल्या फेऱ्यात कुठवर आली आहे यात, असते, आणि फेज तर स्पेक्ट्रम काढतानाच टाकून दिलेला असतो.

दोन कंपने मिसळतात म्हणजे काय

रंकाळ्याच्या मोठ्या पाण्यात दोन बाजूंनी दोन खडे टाकले, तर उठलेल्या तरंगांची वर्तुळे एकमेकांतून आरपार जातात आणि पलीकडे जशीच्या तशी पुढे सरकतात. ही रेषीय बेरीज होय. तिच्यात २४.३ आणि १७.२ हर्ट्झची कंपने एकत्र आली तरी ४१.५ हर्ट्झचे नवे कंपन जन्माला येत नाही. असे बेरजेचे कंपन जन्मायला माध्यमाने किंवा यंत्राने दोन दिशांना वेगवेगळे वागावे लागते. बेस फ्रेमचा एक पाय जमिनीवर नीट टेकलेला नसेल, तर खाली दाबताना तो काँक्रीटवर आदळून ताठ होतो आणि वर उचलताना फक्त बोल्टच्या ताणावर राहतो. म्हणजे एका बाजूला ताठरपणा जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. असा पाय कंपनांची नुसती बेरीज पुढे पाठवत नाही, तर त्या बेरजेच्या वर्गाच्या प्रमाणातला एक अंशही पाठवतो. आणि दोन साइन लहरींच्या बेरजेचा वर्ग उकलला की त्यात त्यांचा गुणाकार येतो, गुणाकारातून बेरजेची व वजाबाकीची अशा दोन नव्या वारंवारता निघतात. इथे त्या ४१.५ आणि ७.१ हर्ट्झ असणार.

मिश्रणातून जन्मलेल्या कंपनाची एक खूण असते. त्याचा फेज स्वतंत्र नसतो. मोटरच्या कंपनाचा फेज आणि पंख्याच्या कंपनाचा फेज यांची बेरीज जितकी, तितकाच, एका ठराविक फरकाने, या तिसऱ्याचा फेज असतो. मोटर कुठल्याही क्षणी सुरू करा, बेल्ट कितीही घसरू द्या, हे नाते तुटत नाही. उलट भिंतीपलीकडून आलेल्या कंपनाला या दोघांच्या फेजशी काही देणेघेणे नसते.

हे नाते मोजण्याचे साधन म्हणजे बायस्पेक्ट्रम. प्रत्येक नोंदीचे फूरिए रूपांतर काढायचे, म्हणजे ती वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत उलगडायची, पहिल्या आणि दुसऱ्या वारंवारतेचे, उंची व फेज एकत्र सांगणारे, संमिश्र गुणांक एकमेकांशी गुणायचे, त्यांना बेरजेच्या वारंवारतेच्या गुणांकाच्या संयुग्मीने गुणायचे आणि अशा अनेक नोंदींवर सरासरी घ्यायची. फेजचे नाते असेल तर सगळे गुणाकार एकाच दिशेला बोट दाखवतात आणि सरासरी मोठी राहते; नाते नसेल तर ते सर्व दिशांना विखुरतात आणि सरासरी शून्याकडे जाते. हासेलमान, मंक आणि मॅकडोनाल्ड यांनी १९६३ मध्ये समुद्राच्या लाटांसाठी हे तंत्र वापरले होते. पुढे १९७९ मध्ये किम आणि पॉवर्स यांनी प्लाझ्मामधील लहरींसाठी बायकोहिअरन्स हे ० ते १ या पट्ट्यातले माप मांडले, आणि त्याच्या वर्गाला एक अत्यंत उपयुक्त अर्थ दिला: बेरजेच्या वारंवारतेवरील एकूण ऊर्जेपैकी जो वाटा त्या दोघांच्या मिश्रणातून आला असेल, तो म्हणजे हा वर्ग. मला या प्रकरणात नेमकी हीच संख्या हवी होती. पुढे जिथे मी 'बायकोहिअरन्स' म्हणतो तिथे त्याचा वर्गच अभिप्रेत आहे.

पहिले उत्तर, आणि ते का चालले नाही

संस्थेने मोजणीची मूळ फाइल दिली होती. ती ८ सेकंदांची एकच नोंद होती. मी तिचे २ सेकंदांचे, निम्मे एकमेकांवर येणारे ७ तुकडे केले आणि २४.३ व १७.२ या जोडीसाठी बायकोहिअरन्स काढला. तो ०.९५ आला. म्हणजे १०० पैकी ९५ भाग मिश्रणाचे, कुपोलाच्या ब्लोअरचा संबंध नाही, चर खोदायची गरज नाही. मालकांना फोन करण्याचा मोह झाला होता.

फोन करण्यापूर्वी मी संगणकावर तीन साइन लहरी तयार केल्या. वारंवारता २४.३, १७.२ आणि ४१.५, तिन्हींचे आरंभीचे फेज मनाला येतील ते, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले. त्यांची साधी बेरीज केली आणि त्याच पद्धतीने तुकडे पाडून बायकोहिअरन्स काढला. तो १ आला. ज्या संकेतात मिश्रणाचा लवलेशही नव्हता, त्यालाही या मापाने पूर्ण गुण दिले होते.

कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. एका तुकड्याकडून पुढच्या तुकड्याकडे जाताना पहिल्या लहरीचा फेज काही अंशांनी पुढे सरकतो, दुसरीचाही सरकतो. तिसरीची वारंवारता या दोघींची बरोबर बेरीज असल्यामुळे तिचा फेज त्या दोन्ही सरकण्यांच्या बेरजेइतकाच सरकतो. त्यामुळे पहिल्या तुकड्यात जे नाते योगायोगाने असेल, तेच प्रत्येक तुकड्यात दिसत राहते. ७ तुकडे म्हणजे ७ साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराची जबानी ७ वेळा लिहून घेतल्यासारखे ते असते. वारंवारतांची बेरीज तंतोतंत जुळत नसली तरीही थोड्या वेळात फरक पडत नाही. कुपोलाच्या ब्लोअरची वारंवारता बेरजेपेक्षा ०.०२ हर्ट्झने वेगळी धरली, तर ८ सेकंदांत फेजचा फरक ०.१६ फेरा, म्हणजे अवघे ५८ अंश पडतो. संपूर्ण रेषा त्या ब्लोअरची असती तरीही अशा नोंदीतून ०.९ च्या वरचाच आकडा निघाला असता. तेव्हा माझ्या हातातील ०.९५ हा आकडा दोन्ही पक्षांशी सारखाच सुसंगत होता, म्हणजेच तो पुरावा नव्हता.

या विषयावरचे लेखन वाचताना माझे असे मत झाले आहे, की बायकोहिअरन्सचे सूत्र सगळे नीट देतात, पण नोंदी कशा घ्यायच्या हे ओझरते सांगितले जाते. वास्तविक सगळा प्रश्न तिथेच आहे. 'फेजचे नाते नाही' हे शून्य गृहीतक तपासायचे असेल, तर नाते नसल्यास फेजना एकमेकांपासून सुटे होण्याची संधी मिळाली पाहिजे. ती संधी सूत्र देत नाही, मोजणीची आखणी देते.

इथे निसर्ग आपल्या बाजूने होता. दोन्ही ब्लोअर बेल्टवर चालतात. मोटरचा स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे ती किती रेंगाळते ते, लोडप्रमाणे बदलतो, बेल्ट थोडा कमी-जास्त घसरतो, वीजपुरवठ्याचा दाब वरखाली होतो. त्यामुळे ४१.५ च्या जवळच्या दोन कंपनांमधील फरक कधी ०.०२ तर कधी ०.१ हर्ट्झ असा हलत राहतो. दोन नोंदींमध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवले, की त्यांचे फेज पूर्ण विस्कटण्याइतका अवधी मिळतो. जिथे गिअर असतात तिथे मात्र हा मार्ग नाही. एकाच शाफ्टच्या पटीतल्या सर्व वारंवारता यांत्रिकरीत्या एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यांचा बायकोहिअरन्स मिश्रण असो वा नसो मोठाच येतो. याच यंत्रात मोटरच्या २४.३ आणि तिच्या दुपटीच्या ४८.६ या रेषांमध्ये तो नंतर ०.९८ आला, आणि मी त्याला काहीही अर्थ लावला नाही.

मोजणीची नवी आखणी

तीन दिवस, कुपोला चालू असतानाच्या पाळीत, ४ सेकंदांच्या १५० नोंदी घेतल्या. कोणत्याही दोन नोंदींमध्ये किमान दोन मिनिटांचे अंतर ठेवले. मोटरच्या आणि पंख्याच्या पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून प्रत्येक नोंदीत दोघांचा वेग वेगळा मोजला. ही काळजी आवश्यक होती, कारण वेग नोंदीगणिक थोडे बदलत होते आणि बेरजेची वारंवारता त्या दोन मोजलेल्या वेगांवरूनच ठरवायची होती. ४१.५ च्या आसपास जिथे शिखर दिसेल तिथे जाऊन बसलो असतो, तर आपणच निवडलेल्या पुराव्याने आपलेच म्हणणे सिद्ध केल्यासारखे झाले असते.

सेन्सर बसवण्यावरून एक सकाळ गेली. संस्थेने तो लोहचुंबकाने, रंगाच्या थरावरच चिकटवला होता. रंगावर चुंबक किंचित डुलतो, आणि डुलणारा चुंबक हीच एक अरेषीय, म्हणजे कंपनांची नुसती बेरीज न करणारी, वस्तू आहे; तो स्वतःच बेरजेची वारंवारता तयार करू शकतो. बेअरिंग ज्यावर बसते त्या पेडेस्टलवरचा रंग खरवडून सेन्सर चिकटपदार्थाने पक्का बसवला, आणि उपकरणाची क्षमता ओलांडून लहरींचे माथे कापले जात नाहीत ना, हेही पाहिले.

या कामात तिथले मेंटेनन्सचे मिस्त्री सोबत होते. फौंड्रीत त्यांना सगळे मामा म्हणतात. ते बेअरिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवतात, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी पेडेस्टलवर रुपयाचे नाणे उभे करून दाखवले. नाणे काही वेळ उभे राहायचे, मग थरथरत पडायचे. पुन्हा उभे केले की पुन्हा काही वेळाने पडायचे. 'सर, ह्ये धापा टाकल्यागत करतंय बघा,' असे ते म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतले, पण त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी लागला. एकच कंपन असेल तर ते धापा टाकत नाही. एकाच ठिकाणी जवळजवळ सारख्या उंचीची आणि किंचित वेगळ्या वारंवारतेची दोन कंपने असतील, तरच ती कधी एकमेकांत मिळून फुगतात आणि कधी एकमेकांना खोडून जवळपास शांत होतात. फरक ०.१ हर्ट्झ असेल तर ही धाप १० सेकंदांची, ०.०२ असेल तर ५० सेकंदांची. म्हणजे रेषा एकट्या कुपोलाच्या ब्लोअरची नव्हती आणि एकट्या मिश्रणाचीही नव्हती. दोघेही होते, आणि साधारण बरोबरीने होते. मामांच्या नाण्याने जे सांगितले होते, ते ८ सेकंदांच्या नोंदीला दिसणे शक्यच नव्हते.

उंबरठा किती धरायचा

नाते अजिबात नसले तरी मर्यादित नोंदींमुळे बायकोहिअरन्स बरोबर शून्य येत नाही. स्वतंत्र नोंदींची संख्या १५० असेल तर तो सरासरीने १५० वा भाग, म्हणजे सुमारे ०.००७ येतो, आणि २० पैकी एखाद्या वेळीच ३ भागिले १५०, म्हणजे ०.०२ ओलांडतो. हा ०.०२ चा उंबरठा फक्त आधीच ठरवलेल्या एका जोडीसाठी आहे. १०० हर्ट्झपर्यंतच्या सर्व जोड्या चाळायच्या तर पाव हर्ट्झच्या पायरीने सुमारे ४०,००० जोड्या होतात, आणि त्यांपैकी सुमारे २,००० जोड्या निव्वळ योगायोगाने हा उंबरठा ओलांडतील. रंगीत नकाशावर असे ठिपके दिसले की त्यांत काहीतरी सापडल्याचा भास होतोच. सर्व जोड्यांचा हिशेब धरून उंबरठा वाढवला तर तो सुमारे ०.०९ वर जातो. आमचा प्रश्न एकाच जोडीचा होता, तरी मी दोन्ही उंबरठे समोर ठेवले.

२४.३ आणि १७.२ या जोडीचा बायकोहिअरन्स ०.५६ आला. नोंदी पुनःपुन्हा उचलून काढलेला त्याचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा ०.४८ ते ०.६३ असा होता. पडताळणी म्हणून मोटरचा गुणांक एका नोंदीतून, पंख्याचा दुसरीतून आणि बेरजेचा तिसरीतून, असे पत्ते पिसल्याप्रमाणे १,००० वेळा मिसळून पाहिले. त्यांतील सर्वांत मोठे मूल्य ०.०५ होते. पिसण्याची ही पद्धत मला सूत्रातून काढलेल्या उंबरठ्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात प्रत्येक वारंवारतेची ऊर्जा जशीच्या तशी राहते आणि फक्त फेजचे नाते तुटते. कंपने सामान्य वितरणाची आहेत असे गृहीत धरण्याचीही गरज उरत नाही.

दुसरा पुरावा वजाबाकीच्या वारंवारतेचा होता. एकाच बाजूला ताठ होणारा पाय खरोखर दोषी असेल, तर ७.१ हर्ट्झलाही रेषा हवी आणि तीही या दोघांशी फेजने बांधलेली हवी. ती होती, बारीक होती, पण तिचा बायकोहिअरन्स ०.७ आला. तिथे कुपोलाच्या ब्लोअरची कोणतीही वारंवारता नाही. बेल्टची स्वतःची फेरी मात्र तपासावी लागली, कारण २.६ मीटर लांबीचा बेल्ट सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने धावताना ५.९ हर्ट्झची रेषा देतो, ती ७.१ पासून पुरेशी दूर होती.

सुट्टीच्या दिवसाची मोजणी

यावर मालकांनी रास्त शंका काढली. संस्थेने सुट्टीच्या दिवशी, कुपोला पूर्ण बंद असताना, डस्ट कलेक्टर एकटा चालवून पाहिला होता आणि तेव्हा रेषा १.९ वरून ०.५ वर आली होती. कुपोला बंद केला की रेषा जर चौथाईवर येते, तर बाकीची तीन-चतुर्थांश कुपोलाचीच नव्हे का?

कंपने केवळ रेषीय असती, तर हा युक्तिवाद बरोबर होता. पण सुट्टीच्या दिवशी प्लँट रिकामा होता, हवेची झडप (डॅम्पर) बंद होती आणि बेल्टवर ओढ जवळपास नव्हती. त्या दिवशीच्या आलेखात मोटरची रेषा नेहमीच्या निम्म्यावर आणि पंख्याची तीन-चतुर्थांशावर आलेली होती. मिश्रणातून जन्मणारी रेषा दोघांच्या गुणाकारावर चालते. निम्मे गुणिले तीन-चतुर्थांश म्हणजे तीन-अष्टमांश. ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ऊर्जेतील मिश्रणाचा वाटा ०.५६ धरला तर उंचीचा वाटा त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.९ पैकी सुमारे १.४ होतो, आणि त्याचा तीन-अष्टमांश म्हणजे जवळपास ०.५. सुट्टीच्या दिवशीचा आकडा कुपोलाविना पूर्णपणे समजावता येत होता.

त्याच आलेखात आणखी एक गोष्ट छापलेली होती, आणि ती पाहिल्यावर मी काही वेळ तो कागद हातात घेऊन बसलो. रिकाम्या लोडवर मोटर २४.८ आणि पंखा १७.६ फेरे घेत होता. बेरीज ४२.४. उरलेली ०.५ उंचीची रेषा ४१.५ ला नव्हतीच, ती ४२.५ ला, म्हणजे त्या आलेखाच्या अर्ध्या हर्ट्झच्या पायरीवरील सर्वांत जवळच्या खुणेवर होती. मोटर आणि पंख्याच्या वेगाबरोबर ती सरकली होती. अहवालात तिचा उल्लेख 'अवशिष्ट कंपन' असा एका शब्दात केलेला होता.

आता समान लोडवर कुपोलाचा ब्लोअर बंद करून पाहणे हीच निर्णायक चाचणी होती, आणि ती कशी करावी लागेल हे गुणाकाराच्या नियमामुळेच कळले. वितळलेल्या लोखंडाचा रस संपला आणि कुपोला तळ उघडून रिकामा केला (पाडला), की त्याचा ब्लोअर बंद होतो. पण तोपर्यंत नॉकआउट, म्हणजे वाळूचे साचे फोडून ओतीव माल बाहेर काढण्याचे काम, हेही संपत येते आणि डस्ट कलेक्टरवरचा लोड उतरतो. एका दिवशी मुद्दाम काही साचे मागे ठेवले आणि कुपोलाचा ब्लोअर बंद झाल्यावर २५ मिनिटे नॉकआउट पूर्ण जोरात चालू ठेवला. त्याआधी मी अपेक्षित उंची एका कागदावर लिहून मालकांच्या हाती दिली होती: १.३ ते १.५ मिलिमीटर प्रति सेकंद. मोजणी १.५ आली, म्हणजे पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला. ती १.४ आली असती तर मला अधिक समाधान वाटले असते, परंतु संस्थेच्या निष्कर्षाप्रमाणे ती ०.५ च्या आसपास यायला हवी होती, आणि तिथून ती खूप दूर होती. त्या २५ मिनिटांत मामांनी नाणे पुन्हा उभे करून पाहिले. धाप थांबली होती. थरथर एकसारखी होती.

पाय उचलून पाहिल्यावर

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बेस फ्रेमचे बोल्ट एकेक करून सैल केले आणि प्रत्येक पायावर डायल गेज लावला. पंख्याकडील, भिंतीच्या बाजूच्या पायाचा नट सैल करताच काटा ०.३ मिलिमीटरने वर गेला. एवढ्या यंत्राला ०.०५ च्या पुढे सहसा कोणी चालवून घेत नाही. खाली ग्राउट, म्हणजे फ्रेम आणि काँक्रीट यांच्यामधला भराव, पोकळ झाले होते. हातोडीने ठोकल्यावर तिथला आवाज बाकीच्या तीन पायांपेक्षा स्पष्ट बद्द येत होता, आणि फिलर गेजचे पान बोटभर आत गेले. वाळूची बारीक धूळ आणि तेल मिळून तिथे काळी भुकटी तयार झाली होती. जुने ग्राउट फोडून नवे भरले, फ्रेम समपातळीत घेतली आणि ग्राउट पक्के झाल्यावर बोल्ट आवळले.

त्यानंतर पूर्वीच्याच आखणीने १५० नोंदी घेतल्या. ४१.५ ची रेषा १.९ वरून १.३ वर आली, आणि ७.१ ची रेषा गोंगाटात बुडाली. बायकोहिअरन्स ०.५६ वरून ०.०४ वर आला. ठरवलेल्या एका जोडीसाठीचा ०.०२ चा उंबरठा तो अजूनही ओलांडतो, म्हणजे थोडे मिश्रण कुठेतरी शिल्लक आहे. ते त्याच पायात आहे की बेअरिंगच्या घरात, हे या मापाने सांगता येत नाही. एवढेच नव्हे, तर दोन्ही दिशांना सारखाच ढिला असलेला सांधा वर्गाऐवजी घनाच्या प्रमाणात मिश्रण करतो आणि त्याच्या रेषा मोटरच्या दुपटीतून पंखा वजा करून, म्हणजे ३१.४ हर्ट्झसारख्या जागी पडतात. त्या बायस्पेक्ट्रमला दिसत नाहीत. त्यासाठी चार गुणांकांचा ट्रायस्पेक्ट्रम घ्यावा लागतो आणि नोंदीही कितीतरी अधिक लागतात. ३१.४ ला सध्या डोळ्यांना दिसेल अशी रेषा नाही, म्हणून ते काम मी हाती घेतलेले नाही.

उरलेली १.३ ची रेषा बहुतांशी कुपोलाच्या ब्लोअरचीच आहे. संस्थेचे म्हणणे त्या मर्यादेत खरे होते, आणि ते मी मालकांना लेखी दिले. चर खोदण्याचा बेत रहित झाला. कुपोलाच्या ब्लोअरखाली रबरी पॅड बसवण्याचे काम पुढच्या देखभालीच्या बंदमध्ये होणार आहे, आणि त्याआधी व नंतर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने त्याच १५० नोंदी घ्यायचे ठरले आहे. पुलीवरच्या परावर्तक पट्ट्या मामांनी काढू दिलेल्या नाहीत. आठवड्यातून एकदा ते त्या पुसून ठेवतात.